फ्रीझरमधली साक्ष

2020च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर जंतुनाशकाच्या एका बाटलीचा फोटो येऊन गेला असेल. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत, हे द्रावण कुठल्या जंतूंवर चालतं त्याची यादी आणि त्या यादीत 'ह्यूमन कोरोनाव्हायरस'. बाटली साथीच्या आधीची. पाठोपाठ प्राणिशास्त्राच्या एका जुन्या हिंदी पाठ्यपुस्तकाचं पान आलं. साध्या सर्दीच्या कारणांत तिथे कोरोना विषाणूचं नाव छापलेलं होतं. पाठवणाऱ्यांचं म्हणणं एकच : हा विषाणू नवा नाही, तो सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता, आपल्याला विनाकारण घाबरवलं जातंय.

फोटो खरा होता. पानही खरं होतं. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा होता, आणि त्या चुकीपायी कित्येक घरांत दुखणं अंगावर काढलं गेलं.

संपादकांनी यंदा 'नवं' हा विषय दिला तेव्हा मला हाच वाद आठवला. तो फक्त मोबाइलवरचा नव्हता. त्याच आठवड्यांत जगातले आघाडीचे विषाणुतज्ज्ञ 'लॅन्सेट'च्या पानांवर याच मुद्द्यावर एकमेकांना उत्तरं देत होते. महासाथीचा विषाणू विज्ञानाला खरंच नवा आहे की नाही, हे ठरतं कसं? कोण ठरवतं, कशाच्या आधारावर? या प्रश्नामागे मी पुण्याला गेले, तिथून दोडामार्गच्या काजूच्या बागांत गेले आणि मधल्या काळात जुने शोधनिबंध वाचत राहिले.

एकाच आडनावाची माणसं

कोरोना हे आडनाव आहे, माणसाचं नाव नव्हे. जोशी आडनावाचा एक शेजारी ओळखीचा असला म्हणून गावात नव्याने आलेला प्रत्येक जोशी ओळखीचा ठरत नाही. बाटलीवरचा कोरोना आणि वुहानचा कोरोना यांचं नातं साधारण तेवढंच होतं.

घराणं मात्र जुनं. 1930च्या दशकात अमेरिकेत कोंबड्यांच्या पिलांना श्वासाचा एक आजार होत होता. त्याच्या मुळाशी असलेला विषाणू पुढे याच घराण्यातला निघाला. माणसाची पाळी 1960च्या दशकात आली. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवक येऊन राहायचे, त्यांच्या नाकात नमुने टाकले जायचे आणि कोणाला सर्दी होते यावर लक्ष ठेवलं जायचं. डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका शाळकरी मुलाच्या नाकातून मिळालेला 'बी814' हा नमुना नेहमीच्या पेशींमध्ये वाढेना, पण माणसांना सर्दी मात्र द्यायचा. त्याच सुमाराला शिकागोत '229ई' सापडला. जून अल्मेडा या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या संशोधिकेने हे विषाणू पडद्यावर आणले. त्यांच्याभोवती टोकदार कणांचं कडं दिसत होतं. त्यावरून 1968 साली घराण्याला कोरोना हे नाव पडलं. अल्मेडांकडे पदवी नव्हती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्या होत्या. विषाणूंच्या इतिहासात त्यांचं नाव आजही जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही, असं मला वाटतं.

तेव्हा बाटलीवरचा कोरोना म्हणजे हे सर्दीचे विषाणू. जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला लहानपणीच त्यांची लागण होऊन गेलेली असते. 2003मध्ये घराण्यातला एक वेगळाच सदस्य पुढे आला : सार्स. आठ हजारांवर रुग्ण, त्यातले 774 दगावले. तेव्हाही सुरुवातीला गोंधळ होता. कोणाला क्लॅमिडिया दिसला, कोणाला मेटान्यूमोव्हायरस. हाँगकाँग, अमेरिका आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी कोरोना विषाणूकडे बोट दाखवलं आणि रॉटरडॅममध्ये माकडांवर प्रयोग करून आजार त्यानेच होतो हे सिद्ध झालं. हा शोध लागायला काही आठवडे लागले होते.

370 अक्षरं

2019च्या शेवटच्या दिवशी वुहानमधल्या न्यूमोनियाची बातमी बाहेर आली. 11 जानेवारी 2020 रोजी शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने वाचलेला विषाणूचा जनुकीय क्रम एडवर्ड होम्स यांच्यामार्फत सगळ्यांसाठी खुला झाला. सुमारे 29,900 अक्षरं. इथून पुढचं काम आज कसं चालतं ते सांगायला हवं, कारण लोकांच्या मनात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ असतो.

रुग्णाच्या फुप्फुसातल्या द्रवात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी, असंख्य जिवाणू आणि विषाणू सगळं मिसळलेलं असतं. यंत्र त्या सगळ्याचे लक्षावधी छोटे तुकडे वाचतं. मग संगणक माणसाचे तुकडे बाजूला काढतो आणि उरलेल्यांची टोकं एकमेकांशी जुळवत सलग मजकूर तयार करतो. हा मजकूर जगभरातल्या आजवरच्या नोंदींशी ताडून पाहिला जातो. आधी कोणी नोंद केलेली असेल तरच जुळणी होते. म्हणजे एखादा विषाणू नवा आहे की नाही हे त्या विषाणूवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच आपल्या दप्तरात आधी काय जमा झालंय यावरही अवलंबून असतं.

वुहानच्या विषाणूची जुळणी केली तेव्हा 2003च्या सार्सशी साम्य निघालं सुमारे 79 टक्के. पण वुहानच्याच विषाणू संस्थेतल्या शी झेंगली यांच्या गटाकडे आणखी जवळचं काहीतरी होतं. 2012मध्ये युन्नान प्रांतातल्या मोजियांगजवळच्या एका पडीक तांब्याच्या खाणीत वटवाघळांची घाण साफ करणाऱ्या सहा कामगारांना न्यूमोनिया झाला, तिघे दगावले. त्यानंतर या गटाने खाणीतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. त्यातल्या 2013च्या एका नमुन्यातल्या विषाणूचा 370 अक्षरांचा तुकडा 2016मध्ये प्रसिद्धही झाला होता. चार वर्षं तो सार्वजनिक नोंदीत पडून होता आणि कोणाचं त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. त्या नमुन्यातल्या विषाणूचा पूर्ण क्रम वुहानच्या विषाणूशी 96.2 टक्के जुळला.

96 टक्के ऐकून बऱ्याच जणांना वाटलं, म्हणजे तोच. तीस हजार अक्षरांत चार टक्के म्हणजे अकराशेहून अधिक ठिकाणी फरक. कोरोना विषाणू ज्या गतीने बदलतात त्या हिशेबाने या दोघांचे मार्ग काही दशकांपूर्वीच वेगळे झालेले असणार. दोघांचा पूर्वज एक, पण एक दुसऱ्यापासून निघाला असं म्हणता येत नाही. पुढे लाओसमधल्या वटवाघळांत 96.8 टक्के जुळणारा विषाणू सापडला, तोही पूर्वज नव्हे, भाऊबंदच. माणसात तो नेमका कोणत्या वाटेने आला, बाजारातल्या प्राण्यांतून की प्रयोगशाळेतून, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्याच्या नवेपणाचा प्रश्न मात्र त्यावाचूनही तपासता येतो.

समितीचा निर्णय

11 फेब्रुवारी 2020 रोजी दोन घोषणा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने आजाराला 'कोविड-19' म्हटलं. विषाणूंच्या वर्गीकरणाची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या कोरोना अभ्यासगटाने विषाणूला 'सार्स-कोव्ह-2' हे नाव दिलं आणि सोबत एक असं विधान केलं ज्याकडे सर्वसामान्यांचं लक्ष गेलं नाही : हा विषाणू नव्या प्रजातीचा नाही. 2003च्या सार्सची जी प्रजाती नोंदलेली आहे, त्याच प्रजातीत तो बसतो.

म्हणजे ज्या विषाणूला सगळं जग 'नॉव्हेल' म्हणत होतं, त्याला वर्गीकरणाच्या वहीत नवं पान मिळालंच नाही.

याचं कारण वहीच्या नियमांत आहे. समिती प्रजाती ठरवताना विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनांकडे पाहते. ही प्रथिनं सावकाश बदलतात, म्हणून नातं ओळखायला ती भरवशाची. पेशीला चिकटणारं टोकदार प्रथिन, ज्याला आपण सगळे स्पाइक म्हणायला शिकलो, ते या मोजमापात धरलं जात नाही, कारण ते भराभर बदलतं. पण साथ कशी पसरणार हे बऱ्याच अंशी त्या स्पाइकवरच ठरतं. सार्स-कोव्ह-2च्या स्पाइकमध्ये एका ठिकाणी चार अमिनो आम्लांची एक जोड आहे, तिच्यामुळे फ्युरिन हे आपल्याच पेशींतलं विकर स्पाइक कापून देतं आणि विषाणूचं आत शिरणं सोपं होतं. 2003च्या सार्समध्ये ही जोड नव्हती. त्या सार्सचे रुग्ण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकायचे, तेव्हा ते रुग्णालयात असायचे. कोविडचे रुग्ण लक्षणं दिसायच्या आधीच इतरांना लागण करत होते. वहीत एकच प्रजाती, पण गावात वागणूक पूर्ण वेगळी.

शी झेंगली, जॉर्ज गाओ, जियांग शिबो यांच्यासह सात चिनी शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून या नावाला हरकत घेतली. हा विषाणू सार्सपेक्षा पुरेसा वेगळा आहे, सार्स हे नाव दिल्याने लोक गैरसमज करून घेतील, 'एचकोव्ह-19' म्हणा, असा त्यांचा आग्रह. समितीने ऐकलं नाही. आरोग्य संघटनेने मात्र लोकांशी बोलताना 'सार्स' हा शब्द टाळायचं ठरवलं, कारण आशियात 2003ची भीती अजून ताजी होती.

या वादात माझं मत समितीच्या बाजूने आहे, पण अर्धंच. वर्गीकरणाचे नियम साथीची निकड पाहून बदलू लागले तर वहीचा उपयोग संपेल, हे समितीचं म्हणणं बरोबर. पण 'नवी प्रजाती नाही' हे वाक्य कुठल्याही स्पष्टीकरणाशिवाय बाहेर सोडणं बरोबर नव्हतं. बाटलीचा फोटो पाठवणाऱ्यांच्या हातात ते सापडलं नाही, हे नशीबच.

क्यासनूरची माकडं

पुण्यात डॉ. आंबेडकर रस्त्यावरची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, बाहेरून कुठल्याही जुन्या सरकारी कार्यालयासारखी दिसते. 1952 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती सुरू केली, तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं. 1978पासून ती एनआयव्ही झाली. अतिधोकादायक विषाणू हाताळायची प्रयोगशाळा पाषाणच्या आवारात आहे. तिथे संशोधक बाहेरून हवा पुरवल्या जाणाऱ्या बंद पोशाखात काम करतात आणि खोलीतली हवा गाळल्याशिवाय बाहेर सोडली जात नाही. 30 जानेवारी 2020 रोजी केरळमधल्या ज्या विद्यार्थिनीला देशातली पहिली कोविडची लागण झाल्याचं जाहीर झालं, तिचा नमुना पुण्यात तपासला गेला होता. कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून बनली, तोही इथेच वेगळा केला गेला.

मला मात्र या संस्थेचा 1957चा किस्सा जास्त महत्त्वाचा वाटतो. नवा विषाणू हाती लागल्यावर काय काय करावं लागतं, ते त्यात पूर्ण दिसतं.

त्या वर्षी मार्चच्या सुमाराला शिमोगा जिल्ह्यातल्या जंगलात लंगूर आणि लाल तोंडाची माकडं मरू लागल्याच्या बातम्या आल्या. आसपासच्या गावांत माणसांनाही तीव्र ताप येत होता, काहींना रक्तस्राव होत होता. पुण्याच्या संशोधकांना पहिली धास्ती वाटली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ येण्याआधी जंगलातली माकडं अशीच मरतात, आणि भारतात हा आजार कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर परिणामांची कल्पनाही करवत नव्हती. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी जंगलात गेले, मेलेल्या माकडांचे अवयव आणि रुग्णांचं रक्त घेऊन आले.

तेव्हा जनुकीय क्रम वाचायची सोय नव्हती. नमुना वाटून, गाळून तो उंदरांच्या तान्ह्या पिलांच्या मेंदूत टोचायचा. पिलं आजारी पडली की त्यांचा मेंदू पुढच्या पिलांत टोचायचा, असं करत विषाणू वाढवायचा. मग माहीत असलेल्या एकेका विषाणूविरुद्धचं रक्तजल त्यात मिसळून पाहायचं : कोणत्या रक्तजलाने हा विषाणू निष्प्रभ होतो? पीतज्वराच्या रक्तजलाने झाला नाही. जुळला तो रशियातल्या जंगलांत गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या गटाशी, पण त्याच्याशीही पूर्ण नाही. जवळचा, तरी वेगळा. त्या जंगलाच्या नावावरून तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा विषाणू झाला. एनआयव्हीच्या पुढे पहिल्या महिला संचालक झालेल्या खोर्शेद पावरी यांनी याच विषाणूवर काम केलं.

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला : सायबेरियाच्या विषाणूचा भाऊ सह्याद्रीच्या जंगलात आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर आला असेल का? या प्रश्नामुळे जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला मदत केली आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या कामातून आलं. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. उलट कच्छ-सौराष्ट्रातल्या माणसांच्या रक्तात या गटाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, जिथे असा आजार कोणी पाहिलाच नव्हता. म्हणजे विषाणू इथे बराच आधीपासून असावा. विज्ञानाच्या दृष्टीने 1957 हा त्याचा जन्म, जंगलाच्या दृष्टीने ती फक्त एक तारीख.

1965मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावी तापाच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तातून असाच एक अनोळखी विषाणू निघाला. पुण्याच्याच संशोधकांनी 1967मध्ये तो जगापुढे मांडला. किरकोळ तापाचा म्हणून तो जवळजवळ विसरला गेला. 2003मध्ये आंध्रात आणि महाराष्ट्रात तोच मुलांचे जीव घेऊ लागला, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही, कारण त्याचा नमुना आणि त्याविरुद्धचं रक्तजल पुण्यात होतं.

काजूच्या बागेत

दोडामार्ग तालुका सिंधुदुर्गच्या टोकाला, गोव्याला लागून आहे. तांबडी माती, उतारावर काजू, वर दाट जंगल. काजूच्या हंगामात बायका-माणसं सकाळपासून बागेत वाकून बोंडं गोळा करत असतात. पालापाचोळ्यात गोचिडीची पिलं असतात आणि ती पायांना चिकटतात. गोचिडीच्या पिलांचा काळ डिसेंबरपासून मेपर्यंत, आणि काजूचा हंगाम नेमका त्यातच येतो.

2016मध्ये इथे तापाची साथ आली आणि क्यासनूरचा विषाणू महाराष्ट्रात पोहोचल्याचं निश्चित झालं. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यातल्या सत्तरीत तो आला होता. पुढच्या वर्षी सावंतवाडीजवळच्या बांद्यात. इथे कोणी क्यासनूर म्हणत नाही. माकडताप म्हणतात, आणि त्या शब्दातच निम्मी माहिती आहे : माकड मेलं की ताप येतो. आरोग्य कर्मचारी गावोगाव अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटतात, मेलेल्या माकडाच्या आजूबाजूला फवारणी होते, रक्ताचे नमुने तपासायला जातात. बागेत काम करणाऱ्यांची तक्रार तेलाबद्दल आहे. घामाने ते टिकत नाही. ही तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे. उन्हात तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या बाईला तेल पुन्हा पुन्हा लावा म्हणणं सोपं असतं.

सह्याद्रीच्या या टोकाला आलेला विषाणू नवा म्हणायचा का? विज्ञानाला तो जवळजवळ साठ वर्षं माहीत होता. दोडामार्गच्या माणसाच्या रक्ताला तो पूर्ण नवा होता, आणि माणूस आजारी पडतो तो रक्ताला जे माहीत नाही त्यामुळे.

रक्ताला काय आठवतं

पुण्यात 2009चा ऑगस्ट ज्यांनी पाहिला, त्यांना नायडू रुग्णालयाबाहेरची रांग आठवत असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी त्या महिन्याच्या 3 तारखेला पुण्यात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहं बंद झाली, शहरभर लोक रुमाल बांधून फिरू लागले.

त्या विषाणूबद्दलही हाच वाद होता. एच1एन1 हा फ्लूचा प्रकार 1918च्या साथीपासूनचा. दरवर्षीच्या लसीतही एक एच1एन1 असायचाच. मग हा नवा कसा? काही डॉक्टर उघडपणे म्हणत होते की हा जुनाच फ्लू आहे, औषध कंपन्यांसाठी गाजावाजा चाललाय. जनुकं पाहिली तर तो अमेरिकेतल्या आणि युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूंची सरमिसळ होता. ही जुळणी आधी कधी नोंदली गेली नव्हती.

पण उत्तराचा सर्वांत चांगला भाग रक्तातून आला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आधीपासून साठवलेलं रक्तजल बाहेर काढून या विषाणूवर तपासलं. 1950च्या आधी जन्मलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात त्याला रोखणारी प्रतिपिंडं भरपूर होती. 1980नंतर जन्मलेल्यांत जवळजवळ नव्हती. 1918च्या विषाणूच्या वंशजांशी ज्यांची लहानपणी गाठ पडली होती, त्यांच्या शरीराने हा चेहरा ओळखला. म्हणून त्या साथीत म्हातारे तुलनेने वाचले आणि तरुण, मुलं आणि गरोदर बायका जास्त गंभीर आजारी पडल्या. एकाच घरात आजोबांसाठी विषाणू जुना आणि नातीसाठी नवा.

याच्या उलटही घडलेलं आहे. 1977मध्ये चीन आणि रशियात एच1एन1 अचानक परत आला. तो 1957पासून माणसांतून नाहीसा झाला होता. साठवणीतल्या जुन्या विषाणूंशी तुलना केल्यावर तो 1950च्या सुमाराच्या विषाणूसारखा जवळजवळ हुबेहूब निघाला. सत्तावीस वर्षं निसर्गात फिरलेला फ्लू इतका न बदललेला राहूच शकत नाही; कुठल्या तरी प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून तो सुटला असावा असा दाट संशय आहे. वीस-बावीस वर्षांच्या आतल्यांसाठी तो नवा, विज्ञानासाठी ओळखीचा. आणि हे कळलं ते फक्त कोणीतरी 1950चा विषाणू जपून ठेवला होता म्हणून.

कोविडमध्ये रक्ताची साक्ष अधिक गुंतागुंतीची होती. कॅलिफोर्नियातल्या ला होया संस्थेतल्या अलेस्सांद्रो सेट्टे आणि शेन क्रॉटी यांनी 2015 ते 2018 या काळात घेतलेल्या, म्हणजे साथीच्या आधीच्या रक्तपेशी तपासल्या. निम्म्याच्या आसपास लोकांच्या प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी नव्या विषाणूच्या तुकड्यांना प्रतिसाद देत होत्या, बहुधा सर्दीच्या कोरोनांच्या ओळखीमुळे. याचा अर्थ ते लोक सुरक्षित होते असा नव्हे. आजार थोडा सौम्य झाला असेल, लागण थांबली नाही. पुढे इटलीतून बातमी आली की सप्टेंबर 2019च्या रक्तनमुन्यांतही या विषाणूची प्रतिपिंडं आहेत. ते नमुने इतर प्रयोगशाळांत पुन्हा तपासले गेले आणि तो दावा पक्का ठरला नाही. प्रतिपिंडांची चाचणी सर्दीच्या जुन्या विषाणूलाही फसून 'हो' म्हणू शकते. म्हणूनच अशी कोणतीही चाचणी वापरण्याआधी ती साथीच्या कितीतरी आधीच्या रक्तावर तपासून पाहावी लागते. 2020च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत सर्वेक्षण झालं आणि 51.5 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली. त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो तो अशा जुन्या रक्ताच्या जोरावर.

उणे ऐंशी अंश

हे सगळं पाहिल्यावर माझं मत असं झालंय : विषाणू नवा की जुना हा वाद युक्तिवादाने सुटत नाही. तो आधीच्या कोणीतरी गोळा करून उणे ऐंशी अंशांवर ठेवलेल्या नमुन्यांनी सुटतो. कंबोडियात 2010च्या डिसेंबरमध्ये स्टुंग ट्रेंग प्रांतात पकडलेल्या दोन वटवाघळांचे नमुने फ्नॉम पेन्हच्या पाश्चर संस्थेत दहा वर्षं फ्रीझरमध्ये होते. कोविड आल्यावर ते उघडले आणि त्यात 92 टक्क्यांहून अधिक जुळणारा विषाणू निघाला. जपानमध्येही 2013चे नमुने असेच कामी आले. या विषाणूचे नातलग फक्त चीनमध्ये नाहीत हे त्यातून कळलं. त्या वेळी नमुना घेणाऱ्याला तो कशासाठी लागेल हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

पुण्यातही असं काम झालं आहे. 2018-19मध्ये वेगवेगळ्या राज्यांतून घेतलेले फळं खाणाऱ्या वटवाघळांचे पावणेसहाशेहून अधिक नमुने एनआयव्हीच्या प्रज्ञा यादव आणि सहकाऱ्यांनी तपासले. 25मध्ये कोरोना विषाणू मिळाले, केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेशातले. ते सार्स-कोव्ह-2चे जवळचे नातलग नव्हते. हे एप्रिल 2020मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा अनेकांनी फक्त 'भारतातल्या वटवाघळांत कोरोना' एवढंच वाचलं आणि काही गावांत लोक वटवाघळं मारायला निघाले. खरी बातमी उलट होती. 2020च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले गेले आणि त्यात निपा या विषाणूच्या खुणा सापडल्या. महाराष्ट्रात तोवर माणसाला निपा झाल्याची नोंद नव्हती. उद्या तो झालाच तर त्या दिवशी आपण शून्यापासून सुरुवात करणार नाही.

या कामाला पैसा लागतो, आणि साथ नसताना तो मागावा लागतो. फ्रीझर बंद पडू नये म्हणून जनरेटर लागतो, रात्री कोणीतरी तापमान पाहावं लागतं, प्रत्येक नळीवर कोणाचा, कुठला, कधीचा नमुना हे वाचता येईल असं लिहिलेलं असावं लागतं. नोंद नसलेला नमुना टाकून द्यावा लागतो. आपल्या जिल्हा रुग्णालयांतून रोज जेवढं रक्त तपासलं जातं, त्याचा काही टक्के भाग नीट नोंदीसह साठवला गेला, तर पुढच्या साथीत महाराष्ट्राला स्वतःची उत्तरं स्वतःच्या रक्तात शोधता येतील. राज्याच्या आरोग्य खात्याने हे काम साथ नसलेल्या वर्षांतच हाती घ्यावं.

सुरुवात मात्र प्रयोगशाळेत होत नाही. 1957मध्ये ती जंगलात मेलेली माकडं पाहून कोणीतरी ती खबर पुढे दिली तिथून झाली. तेव्हा वाचकांना एवढंच सांगायचं आहे : सिंधुदुर्गात, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर, गोव्यात किंवा कुठेही जंगलाजवळ मेलेलं माकड दिसलं, तर त्याला हात लावू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा. आणि सर्वेक्षणासाठी कोणी रक्ताचा नमुना मागायला दारी आलं, तर द्या.